दातातली चांदी

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ च्या, आमच्या घरात भांडण झालं ते दातांवरून. एरवी आमच्याकडची भांडणं शेताच्या बटईवरून होतात, नाहीतर माझ्या पुस्तकांनी अडवलेल्या कपाटांवरून. या वेळी धाकटी मुलगी स्वीडनहून जळकोटला आलेली, थोरला मुलगा पुण्याहून आलेला, फराळाची ताटं पुढ्यात, आणि विषय आईच्या दाढांचा. आई चकली चावता चावता हसली आणि लेकीला तिच्या खालच्या दाढांतले काळसर ठिपके दिसले.

"अप्पा, आईच्या तोंडात पारा आहे आणि तुम्ही गप्प बसलात?"

"पारा कुठला गं? चांदी आहे ती," आई म्हणाली.

हा प्रश्न एखाद्या दुसऱ्या घरात हसण्यावारी गेला असता. आमच्याकडे गेला नाही, कारण माझ्या पत्नीचा उजवा हात गेली दोन वर्षं थरथरतो. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढलं. आता तिला भाकरी थापताना दुसऱ्या हातानं पहिल्या हाताला समजवावं लागतं. मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केलं आहे पार्किन्सन्सचं. आणि जगात पार्किन्सन्सबद्दल थोडंफार वाचलेल्या प्रत्येक माणसाला हेही ठाऊक असतं की पाऱ्यानं हात थरथरतात. मुलीनं दोन्ही टोकं जोडली. कुणीही जोडली असती.

मी निवृत्त बँक अधिकारी. कादंबऱ्या लिहितो हे खरं, पण पोट भरलं ते बँकेनं. आपल्यापुढं आलेला प्रस्ताव भावनेनं मंजूर करायचा नाही आणि रागानं फेटाळायचाही नाही, ही सवय हाडात मुरलेली. तेव्हा गेले काही महिने मी या चांदीची फाईल तपासत होतो. वाचकांपैकी चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच जणांच्या तोंडात ही चांदी असेल, म्हणून ती फाईल इथं उघडतो.

सुरुवात नावापासून करायला हवी. आपण सगळे म्हणतो, "दाढेत चांदी भरली." कानाला किती बरं वाटतं! घरात चांदी आली की लक्ष्मी आली. प्रत्यक्षात त्या मिश्रणात वजनानं जवळजवळ निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबं. डॉक्टर त्याला अमाल्गम म्हणतात. पाऱ्यात धातूची पूड कालवली की काही मिनिटं ते लोण्यासारखं मऊ राहतं, हवं तिथं दाबून बसवता येतं, आणि मग दगडासारखं होतं. पाऱ्याच्या या गुणावरच सारा खेळ उभा आहे, पण नाव मिळालं चांदीला. कर्ज एकाचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असला हा प्रकार.

ही चांदी आमच्या पिढीला केवढी मोठी वाटली होती, हे आजच्या मुलांना कळणार नाही. माझ्या लहानपणी जळकोटात दाताचा डॉक्टर ही चीज नव्हती. दाढ ठणकली की लवंग. लवंगेनं भागलं नाही तर मिश्री. मिश्रीही हरली तर भुईरिंगणीच्या बियांची धुरी. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, वर नळी धरायची, धूर दुखऱ्या दाढेत घ्यायचा. धुरी देणारी म्हातारी नंतर पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक तुकडे दाखवायची. "बग लेकरा, ह्ये किडे पडले." ते बियांतलेच तुकडे असावेत, अशी शंका घ्यायला मला कॉलेज गाठावं लागलं. धुरीनंही नाही भागलं तर आठवडी बाजारात फडक्यावर दातांची रास मांडून बसलेला चिमटेवाला होताच. माझ्या आत्यानं तिशीच्या आतच सहा दाढा त्या फडक्यावर वाहिल्या. अशा गावातून आलेल्या माणसाला कुणीतरी सांगतं की दाढ काढायची नाही, खड्डा बुजवायचा आणि पुढची वीस वर्षं चावायचं! आम्ही त्या माणसाच्या पाया पडायचेच बाकी होतो.

१९८७ साली माझी नांदेडला बदली झाली तेव्हा पत्नीच्या चार आणि माझ्या दोन दाढांत चांदी भरून घेतली. तो दवाखाना मला अजून दिसतो. डॉक्टरांचा हाताखालचा मुलगा, असेल सतरा-अठरा वर्षांचा, काचेच्या छोट्या खलात धातूची पूड आणि बाटलीतला पारा घेऊन घोटायचा. मग तो गोळा मलमलच्या फडक्यात घालून पिळायचा. जास्तीचा पारा चमचमत्या थेंबांनी खाली पडायचा, थोडा बशीत आणि थोडा फरशीवर. हातात मोजे नव्हते. फरशीवरचे थेंब तो केरसुणीनं कोपऱ्यात सारायचा. त्याच्या बोटात सोन्याची बारीक अंगठी होती, बहुधा लग्न ठरल्याची. ती एका बाजूनं पांढरी पडली होती. पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं हे सोनाराला विचारा, तो लगेच सांगेल. आम्ही तेव्हा त्या अंगठीवरून हसलो होतो.

पुढं कर्ज विभागात असताना दोन-तीन दंतवैद्यांची कर्जं मीच मंजूर केली. कोटेशनमध्ये खुर्ची, कॉम्प्रेसर, ड्रिल आणि तळाशी पाऱ्याची बाटली. खुर्ची मी तारण म्हणून लिहून घेतली. पाऱ्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही.

तर, दिवाळी सरली आणि मुलीच्या हट्टानं आम्ही एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेलो. त्याचं नाव इथं महत्त्वाचं नाही. तिथं पत्नीला एक कॅप्सूल देण्यात आली आणि काही तासांनी लघवी तपासण्यात आली. अहवालावर पाऱ्यापुढं लाल बाण होता. चारही दाढांतली चांदी काढायची, पांढरं भरायचं, नंतर सहा महिने शरीरातला पारा 'बाहेर ओढण्याचे' उपचार करायचे. खर्च लाखाच्या वर. हात थरथरायचा थांबेल असं कुणी म्हणालं नाही. "बऱ्याच पेशंटना खूप फरक पडतो," असं म्हणाले. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला या वाक्यातली पळवाट चटकन दिसते. पण मी पत्नीकडे पाहिलं, तर तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा आशा होती. मला त्या आशेचीच भीती वाटली. मी विचार करून कळवतो म्हणालो. परतीच्या गाडीत ती माझ्याशी बोलली नाही.

आता फाईलमधलं पहिलं पान. विरोधक म्हणतात ते एक खरं आहे: दाढेतली चांदी पूर्ण मुकी नसते. तिच्यातून पाऱ्याची अगदी सूक्ष्म वाफ सतत निघत असते. चावताना, घासताना, गरम चहा पिताना ती वाढते; रात्री दात खाणाऱ्यांची आणखी वाढते. गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, पण श्वासातून गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के फुप्फुसांतून रक्तात जाते. फार वर्षं दंतवैद्य सांगत होते की एकदा घट्ट झाली की चांदीतून काहीच सुटत नाही. ते खरं नव्हतं. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात या वाटेनं रोज शरीरात राहणाऱ्या पाऱ्याचा अंदाज ३ ते १७ मायक्रोग्रॅम दिला होता. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेव्हा प्रश्न पारा सुटतो का हा नाही. सुटतो. प्रश्न, तेवढ्यानं माणसाला काही होतं का, हा आहे.

या प्रश्नावर भांडण किती जुनं आहे हे पाहून मी थक्क झालो. १८३३ मध्ये क्रॉकूर नावाचे बंधू युरोपातून न्यूयॉर्कला उतरले आणि चांदीची पूड पाऱ्यात कालवून खपवू लागले. नाव दिलं होतं 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम'. राजेशाही थाटाचं नाव, पाऱ्याचा उल्लेख नाही! (आपली 'चांदी' काही जगावेगळी नाही.) त्यांचं काम गचाळ होतं, कीड न काढताच ते खड्डे बुजवत. त्या वेळचे प्रतिष्ठित दंतवैद्य सोन्याचे पातळ पत्रे ठोकून दात भरत. त्याला तास न् तास लागत आणि पैसाही तसाच लागे. त्यांनी १८४० मध्ये स्थापलेल्या संघटनेनं सभासदांकडून शपथ घ्यायला सुरुवात केली की आम्ही अमाल्गम वापरणार नाही. शपथेवरून संघटना फुटली आणि १८५६ मध्ये बंदच पडली. १८५९ मध्ये आज असलेली अमेरिकन डेंटल असोसिएशन उभी राहिली, आणि तिच्या छायेत अमाल्गम मानाचं झालं. सोनं भरणाऱ्यांना रुग्णाच्या जिवाची काळजी होती की स्वतःच्या धंद्याची? दोन्हीची असणार. कादंबरीकार म्हणून मला हे उत्तर पुरेसं वाटतं. मात्र बँकवाला म्हणून मी प्रत्येक वादात पैसा कुठल्या बाजूला उभा आहे हे आधी पाहतो, आणि तो कधी एकाच बाजूला उभा नसतो.

१९२६ मध्ये आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं वाद पुन्हा पेटवला. प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेनं हा माणूस वर्षानुवर्षं आजारी होता. डोकेदुखी, विसरभोळेपणा, कामात लक्ष न लागणं. कारण सापडल्यावर त्यानं इशारा दिला की हाच पारा लोकांच्या दातांत आहे. त्याचं दुखणं खरं होतं. पण प्रयोगशाळेतली वाफ आणि दाढेतली वाफ यांत सावकाराचं कर्ज आणि दुकानातली उधारी यांच्याएवढा फरक असतो, तो त्या इशाऱ्यात पुसट झाला. पुढं १९९० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या '६० मिनिट्स' या लोकप्रिय दूरदर्शन कार्यक्रमानं तुमच्या तोंडात विष आहे का, असा सवाल केला. चांदी काढल्यावर बरं वाटलेल्या रुग्णांना लोकांनी पडद्यावर पाहिलं आणि चांदी काढून घ्यायला दवाखान्यांत गर्दी केली. या चळवळीतलं मोठं नाव म्हणजे कोलोरॅडोचे दंतवैद्य हॅल हगिन्स. १९९६ मध्ये त्यांचा व्यवसायाचा परवानाच रद्द झाला.

भांडणाबद्दल एवढं पुरे. मोजमाप काय सांगतं? २००६ मध्ये दोन मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी छापून आले. एक अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातली, ५३४ मुलांची, पाच वर्षं चाललेली. दुसरी लिस्बनची, ५०७ मुलांची, सात वर्षांची. निम्म्या मुलांना चांदी भरली, निम्म्यांना पांढरं. कुणाला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त आढळला, पण बुद्धी, स्मरणशक्ती, लक्ष यांत दोन्ही गटांत फरक सापडला नाही. ज्या पाहणीनं माझ्या घरातला प्रश्न सोडवला ती मात्र तिसरी, म्युनिकची. २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. चांदीमुळेच आपण आजारी आहोत असं मानणारे ९० रुग्ण घेतले. एका गटाची चांदी काढली. दुसऱ्या गटाची काढली आणि वर 'शुद्धीकरणाचे' उपचार केले. तिसऱ्या गटाच्या चांदीला हात न लावता त्यांच्याकडून आहार-विहाराचा, आरोग्याचा एक कार्यक्रम करून घेतला. वर्षभरानंतर तिन्ही गटांना बरं वाटत होतं आणि त्यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता. चांदी गेलेल्यांच्या अंगातला पारा उतरला होता, हेही खरं. पण बरं वाटणं त्यावर अवलंबून नव्हतं.

ही पाहणी मी पत्नीला मराठीत वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना बरं वाटलं ते कुणीतरी त्यांचं ऐकून घेतलं म्हणून." इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं.

मग लाल बाणाचं काय? तो कागद घेऊन आम्ही लातूरला तिच्या नेहमीच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी कॅप्सूलबद्दल विचारलं. ती कॅप्सूल शरीरात इकडेतिकडे साठलेला धातू पकडून लघवीत आणणारी होती. ती घेतल्यावर कुणाच्याही लघवीत पारा वाढलेलाच दिसतो, आणि त्याची तुलना कॅप्सूल न घेतलेल्यांच्या आकड्याशी केली की बाण लाल होतोच. विषशास्त्राचे जाणकार अशा तपासणीला मान्यता देत नाहीत. मला हसू आलं. आम्ही ३१ मार्चला हेच करायचो! ओळखीच्या व्यापाऱ्यांना विनवून चार दिवसांसाठी ठेवी आणायच्या, ताळेबंद फुगवायचा, आणि ५ एप्रिलला पैसे परत. त्या आकड्यावरून शाखेची तब्येत ठरवणारा अधिकारी आणि त्या बाणावरून चारही दाढा उकरणारा डॉक्टर, दोघं एकाच शाळेचे. साधी, कॅप्सूलशिवायची तपासणी करून घेतली. पारा सर्वसाधारण मर्यादेत निघाला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पत्नीला हात मांडीवर सैल सोडून बसायला सांगितलं. हात थरथरत होता, एकाच बाजूचा, अंगठा आणि बोट गोळी वळत असल्यासारखे. मग पाण्याचा पेला उचलायला सांगितला. उचलताना थरथर कमी झाली. पाऱ्याच्या विषबाधेत बहुधा उलटं होतं, ते म्हणाले. हात काही करायला गेला की थरथर वाढते, पापण्या आणि ओठही थरथरतात. पूर्वी युरोपात टोप्यांच्या कारखान्यात लोकर पाऱ्याच्या क्षारानं कमवत, तिथल्या कामगारांना हे होई. पार्किन्सन्सचं मूळ या चांदीत आहे असं आजवर सिद्ध झालेलं नाही. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "घरात पारा आणखी कुठं कुठं आहे?"

आम्ही दोघं आठवत बसलो. गव्हाच्या कोठीत किडे लागू नयेत म्हणून वर्षानुवर्षं टाकलेल्या पारद टिकड्या. शाळेत फुटलेल्या थर्मामीटरचा पारा हातावर घेऊन खेळलेली पोरं, आणि त्यांना "सांडू नका रे" एवढंच सांगणारी ही बाई. देवघरात कुणीतरी भेट दिलेलं पारद शिवलिंग. आणि पत्नीनं गुडघेदुखीसाठी नातलगाच्या सांगण्यावरून वर्षभर घेतलेल्या, पुडीवर नाव-गाव नसलेल्या गोळ्या. आपल्या रसशास्त्रात पारा हा औषधांचा राजा. त्याची शुद्धी, त्याचे संस्कार यांवर मोठे ग्रंथ आहेत आणि त्या विद्येची टिंगल करणं मला पटत नाही. पण पुडीतल्या गोळीवर कुणी कोणता संस्कार केला हे कोण सांगणार? २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं. अलीकडे केरळात गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यानं मूत्रपिंडं बिघडल्याच्या बातम्या आल्या. दाढेतल्या चांदीवर आम्ही घर डोक्यावर घेतलं आणि ही पुडी उशाशी होती.

इथं कुणाला वाटेल की मी मुलीला खोटं पाडतोय. तसं नाही. तिची बाजू आहे, आणि ती भक्कम आहे. नॉर्वेनं २००८ मध्ये आणि स्वीडननं २००९ मध्ये ही चांदी भरणं बंद केलं. युरोपीय संघानं २०१८ पासून पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी ती थांबवली, आणि २०२५ च्या जानेवारीपासून अपवाद सोडता सर्वांसाठीच. मी आधी समजत होतो की हे सगळं रुग्णांच्या तोंडाला भिऊन केलं. मुख्य कारण वेगळं आहे. दवाखान्याच्या नळातून पारा गटारात, गटारातून नदीत, नदीच्या गाळात जिवाणू त्याचं मिथिल पारा नावाचं खरं जहर करतात, ते माशात चढतं आणि माशातून माणसात. जपानच्या मिनामाता गावात १९५६ मध्ये हे जहर उघडकीला आलं. तिथं ते एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलं होतं. त्या गावाच्या नावानं २०१३ मध्ये जागतिक करार झाला, आणि भारतानं तो २०१८ मध्ये कायम केला. आमच्या दिवाळीनंतर दोनच आठवड्यांनी जिनिव्हात या कराराच्या देशांनी ठरवलं की दातातला पारा २०३४ पर्यंत संपवायचा. म्हणजे आमच्या घरातलं भांडण जगातही त्याच महिन्यात चाललं होतं!

स्वीडनमध्ये आणखी एका गोष्टीचा विचार झाला, तो ऐकून मी गप्प झालो. माणूस गेल्यावर दहनात दातातला पारा वाफ होऊन धुराड्यातून हवेत जातो. तिकडं दहनगृहांना त्यासाठी गाळण्या बसवल्या आहेत. आपल्याकडे नदीकाठी चिता. आमच्या भागात लिंगायत समाजात दफनाची रीत आहे, त्यांचा पारा मातीत राहतो, एवढाच काय तो फरक. अर्थात प्रमाणही पाहिलं पाहिजे. आपल्या देशात हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा मोठा वाटा कोळसा जाळण्यातून येतो. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून आम्हाला दिवा देतं, आणि त्या दिव्याची किंमत धुरातून वसूल होते. त्यापुढं माझ्या सहा-सात ठिपक्यांचा हिशेब किरकोळ. पण किरकोळ खात्यांचा हिशेब ठेवायचा नाही असं बँकेत कधी कुणी शिकवलं नाही.

मग जळकोटसारख्या ठिकाणी चांदी टिकली ती का? स्वस्त, टिकाऊ, लाळेत भिजली तरी बसते आणि लवकर उरकते. पांढऱ्या कॉम्पोझिटला दाढ कोरडी लागते, थर थर भरावे लागतात, प्रत्येक थरावर निळा उजेड धरावा लागतो. एसटीनं येऊन एसटीनं परतणाऱ्या, पुन्हा येईलच याची खात्री नसलेल्या रोग्याला चांदी परवडते. १९९९ मध्ये जळकोट तालुका झाला, पुढं दातांचे डॉक्टरही आले, पण रोग्याचं एसटीचं वेळापत्रक काही बदललं नाही. त्यावरही वाट आहे. ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट दाताला स्वतः चिकटतं. १९८० च्या दशकात टांझानियात वीज नसलेल्या खेड्यांत नुसत्या हत्यारांनी कीड कोरून ते भरण्याची पद्धत बसवली गेली. चांदीइतकं ते टिकत नाही, मोठ्या खड्ड्यात तर नाहीच. पण भारनियमन सोसलेल्या मुलखाला ही पद्धत समजायला जड जाऊ नये.

राहिला निर्णय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२० मध्ये सांगितलेलं मला सगळ्यांत हिशेबी वाटलं. गरोदर व पाजणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालची मुलं, मेंदूचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले, पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांच्या दातांत शक्यतो नव्यानं अमाल्गम भरू नये. आणि शाबूत असलेलं, वैद्यकीय गरज नसताना काढू नये. कारण काढताना ड्रिलच्या उष्णतेनं एकदम जास्त वाफ सुटते आणि चांगल्या दाताचाही थोडा भाग जातो. मी पत्नीला आमच्या भाषेत समजावलं: ही मुदत ठेव आहे. हवी तर मोडता येते, पण मुदतीआधी मोडली की दंड बसतो. दंड भरून हाती काय येणार, ते आधी पाहावं.

ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मुलीला फोन लावून म्हणाली, "हात माझा आहे, दाढाही माझ्या. ज्या चांगल्या आहेत त्या राहू दे. एक फुटलीय, ती काढते." मग बराच वेळ पलीकडून काही ऐकू आलं नाही. मुलगी रडत असावी. आईचा हात थांबवण्याचा एक उपाय तिनं शोधून आणला होता आणि तो आम्ही परत केला होता. हे दुःख मला कुठल्याच पाहणीत सापडलं नाही.

फुटलेली दाढ उदगीरला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी केली. तोंडात रबराचा पडदा ताणला, भरपूर पाणी सोडलं, मोठी नळी लावून शोषून घेतलं, चांदी न घासता तुकड्या-तुकड्यांनी उचलली, खिडक्या उघड्या. अर्ध्या तासात पांढरं भरून झालं. पस्तीस-अडतीस वर्षं टिकलेला तो काळा तुकडा त्यांनी झाकणाच्या बरणीत पाण्याखाली टाकला. शेल्फवर तशा तीन बरण्या होत्या, दोन काठोकाठ भरलेल्या.

"या कुठं जातात?" मी विचारलं.

"नियमानं द्यायच्या असतात," त्या म्हणाल्या, "पण काका, घ्यायला अजून कुणी आलं नाही. गटारात टाकवत नाही. म्हणून ठेवल्यात."

मला नांदेडच्या त्या मुलाची अंगठी आठवली. आज तो पंचावन्नच्या पुढं असेल. त्याचे हात कसे आहेत, कुणास ठाऊक.

पत्नी खुर्चीतून उतरली, गाल अजून बधिर. बरणीकडे पाहून अर्ध्या तोंडानं मला म्हणाली, "अहो, चांदी माझी आणि ठेवणार यांच्याकडे. पावती तरी घ्या."